पाण्याचा स्वभाव

पुराणांतील पाण्याला कान असतात. हाक मारली की ते येते, थांब म्हटले की थांबते, आणि कोणी थोर पुरुष काठावर येऊन उभा राहिला की आपण होऊन दुभंगते. वसुदेव मध्यरात्री तान्ह्या कृष्णाला घेऊन निघाला तेव्हा भरल्या यमुनेने त्याला वाट दिली. अगस्त्य ऋषींनी सबंध समुद्र प्राशन केला तेव्हा समुद्राने हूं की चूं केले नाही. पुढे देवांनी तो परत मागितला असता ऋषींनी शांतपणे सांगितले की तो जिरला! हरिश्चंद्र राजाने आपला पुत्र वरुणाला अर्पण करण्याचे वचन पाळण्यात चालढकल केली, तेव्हा वरुणाने त्याच्यावर वीज पाडली नाही की त्याचे राज्य बुडवले नाही. त्याच्या पोटातच पाणी साठवले, म्हणजे त्यास जलोदर जडवला. आपल्या घरच्या नळाच्या पाण्याला मात्र असे कान नाहीत. ते येण्याच्या वेळी येते, जाण्याच्या वेळी जाते, आणि घरात कोणी कितीही पुण्यवान असला तरी त्याच्याकरिता अर्धी बादली जास्त वाहत नाही.

शास्त्राची पुस्तके आणि पोथ्या एकाच फळीवर ठेवलेल्या घरात मी लहानाचा मोठा झालो. त्यामुळे या दोन पाण्यांची तुलना करण्याचा नाद मला फार लवकर लागला आणि तो अजून सुटलेला नाही. या नादातून माझे एक मत बनले आहे. ज्या कथेतील पाणी आपला स्वभाव टाकून माणसाच्या आज्ञेत वागते, ती वाचताना मौज वाटते. परंतु पुस्तक मिटल्यावर तिचा ओलावाही उरत नाही. ज्या कथेतील पाणी देव झाले, बोलू लागले, शाप देऊ लागले, तरी आपला स्वभाव सोडीत नाही, ती मात्र वर्षानुवर्षे मनात झिरपत राहते. स्वभाव हा शब्द मी येथे अगदी साध्या अर्थाने घेतो. पाण्याचे वजन, त्याचा खोलपणा, समपातळी शोधण्याची त्याची खोड, त्याचे गोठणे आणि त्याची वाफ होणे, एवढाच तो अर्थ.

माझ्या पुतण्याचा मुलगा बारा वर्षांचा आहे. मे महिन्याच्या सुटीत तो आमच्याकडे आला असता त्याने मला ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ नावाची एक अमेरिकन चित्रमालिका दाखवली. ती 2005 पासून 2008 पर्यंत निघत होती, म्हणजे या मुलाच्या जन्माआधीच संपलेली. परंतु मुलांच्या जगात जुने-नवे हा भेद आपल्याइतका कडक नसतो. तीत पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार भूतांवर सत्ता चालवणारी चार राष्ट्रे आहेत. पाण्याच्या लोकांनी हात हलवला की नदी उचलली जाते, थेंबाचा भाला होतो, लाटेची भिंत उभी राहते. ही विद्या त्यांच्या पूर्वजांनी चंद्रापासून घेतली, भरती-ओहोटी करताना तो समुद्राला कसा ओढतो आणि सोडतो हे पाहून ते शिकले, असे त्या गोष्टीत सांगितले आहे. ही कल्पना मला फार आवडली. आमच्या मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते, ते चंद्र-सूर्यांच्या ओढीनेच; तेव्हा पाण्याच्या विद्येचा आद्यगुरू चंद्र, असे म्हणण्यात कवित्व आहे आणि खरेपणही आहे.

मात्र पुढचे हातवारे पाहून मला हिशेब करण्याची दुर्बुद्धी झाली. दहा मीटर उंच, दहा मीटर रुंद आणि एक मीटर जाड अशी पाण्याची भिंत म्हणजे शंभर घनमीटर पाणी. आणि एका घनमीटर पाण्याचे वजन हजार किलो. म्हणजे ती चिमुरडी नायिका शंभर टनांची भिंत शत्रूवर भिरकावीत होती, आणि तिच्या पायांखालचे बर्फ जरासुद्धा घसरत नव्हते. तोफ उडाली तर तोफही मागे सरते! मी हे त्या मुलाला सांगितले, तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर, गोष्टी सांगण्याचे काम अंगावर घेतलेल्या प्रत्येक वडील माणसाने एकदा तरी अनुभवली असेल. मग तो म्हणाला, “ते राहू द्या, आजोबा. आग आणि पाणी यांची खरीखुरी लढाई झाली तर कोण जिंकेल, ते तुम्ही सांगा.”

मी म्हणालो, “अरे, त्यांचे वैर कोणी लावून दिले? पाणी ही आगीची राखच आहे.”

हे मी त्याला कोड्यात टाकण्याकरिता म्हटले नव्हते. लाकूड जळाले म्हणजे जशी राख राहते, तसा हायड्रोजन वायू जळाला म्हणजे पाणी राहते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये कॅव्हेंडिशने हा वायू जाळून पाहिला, तेव्हा भांड्याच्या आत दव धरले. आणि 1783 साली पॅरिसमध्ये लव्हाझिएने जाहीर केले की, पाणी हे मूलतत्त्व नव्हेच, दोन वायूंच्या संयोगाने झालेला तो एक पदार्थ आहे. हायड्रोजन या ग्रीक घडणीच्या नावाचा अर्थच मुळी पाणी उत्पन्न करणारा असा आहे. हजारो वर्षे जे महाभूत म्हणून मिरवले त्याची कुळकथा एका काचेच्या भांड्यात उघडी पडली. आपले शरीरही हाच उद्योग करीत असते. खाल्लेले अन्न आत मंदपणे जळते आणि त्यातून रोज पाव लिटराच्या आसपास पाणी नवे तयार होते.

आता आपल्याकडे तैत्तिरीय उपनिषदात अग्नीपासून आप उत्पन्न झाले असा क्रम दिलेला आहे, आणि समुद्राच्या पोटात वडवानल जळत असल्याची कथाही प्रसिद्ध आहे. त्यावरून आपल्या ऋषींना लव्हाझिएचा शोध आधीच लागला होता, असे प्रतिपादन करण्याचा मोह काही जणांस आवरत नाही. मला तो होत नाही. भांड्यात वायू जाळून दव मोजणे हे एक काम, आणि डोळे मिटून सृष्टीचा क्रम लावणे हे दुसरे. दोन्ही थोर आहेत, पण एकाचा पोशाख दुसऱ्याच्या अंगावर घातला म्हणजे दोन्हींचा बेढबपणा होतो. माझे समाधान एवढ्यातच आहे की आग आणि पाणी यांत केवळ वैर न पाहणारी दृष्टी पुराणकारांपाशी होती.

“पण मग पाण्याने आग विझते कशी?” हा त्या मुलाचा पुढचा प्रश्न अर्थातच आला. पाणी उष्णता पिते म्हणून. उकळत्या पाण्याच्या एका ग्रॅमची वाफ करावयास सुमारे 540 कॅलरी उष्णता खर्ची पडते, आणि ती सारी त्या जळणाऱ्या लाकडाला द्यावी लागते. शिवाय वाफ झालेले पाणी पूर्वीच्या सुमारे सतराशे पट जागा व्यापते व आगीजवळची हवा दूर लोटते. आमच्या घरचा माठ उन्हाळ्यात गार राहतो तोही याच गुणामुळे. त्याच्या अंगातून झिरपलेले पाणी सुकताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. मात्र कढईतल्या तेलाने पेट घेतला असता तीत पाणी ओतणे म्हणजे आत्मघात. जड पाणी तेलाखाली जाते, क्षणात त्याची वाफ होते, आणि ती पेटते तेल चहूकडे उडवते. तेव्हा लढाई कोण जिंकणार हे मैदानावर अवलंबून आहे, असा निकाल मी दिला. मुलगा म्हणाला, “म्हणजे तुम्हांलाही माहीत नाही.” असो.

आज्ञेत वागणाऱ्या पाण्याची हौस जुनीच आहे. अर्जुनाने रंगभूमीवर आपली अस्त्रे दाखवली तेव्हा आग्नेय अस्त्राने अग्नी निर्माण केला आणि वारुण अस्त्राने पाणी. या चित्रमालिकेची मुळे तेथपर्यंत नेऊन भिडवता येतील. पण या हौसेतील मेख ओळखली ती ग्योटेने. 1797 सालच्या त्याच्या एका कवितेत जादूगाराचा शिष्य गुरूच्या गैरहजेरीत झाडूला पाणी भरावयास लावतो, आणि थांबवण्याचा मंत्र त्याला आठवत नाही. झाडूचे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा बादल्या वाहू लागतो. येथे पाणी बिचारे काहीच करीत नाही. ते फक्त वाढते. तेवढ्यानेच घाम फुटतो.

आपल्याकडची रेणुकेची लोककथा मला याहूनही सूक्ष्म वाटते. माहूरची रेणुका रोज नदीवर जाई, ओल्या वाळूची घागर करी, आणि सापाच्या वेटोळ्याची चुंबळ करून त्या घागरीतून जमदग्नीच्या पूजेचे पाणी आणी. एके दिवशी जलक्रीडा करणाऱ्या गंधर्वाकडे पाहून तिचे मन क्षणभर विचलित झाले आणि घागर ढासळली. या कथेतील शिक्षा किती क्रूर आहे हा विषय वेगळा. तो मला आजवर पचलेला नाही. परंतु ज्या कोणी अज्ञात माणसाने ही घागर कल्पिली त्याने नदीकाठी बसून वाळूत खेळलेले असले पाहिजे. कोरड्या वाळूचे काही होत नाही. तीच थोडी ओली केली की कणाकणांमध्ये पाण्याचे बारीक पडदे बसतात, त्यांच्या ताणाने कण एकमेकांस धरून राहतात, आणि पोरांचे किल्ले उभे राहतात. पाणी जास्त झाले, कणांमधल्या सगळ्या फटी भरल्या, की तो ताण नाहीसा होऊन किल्ला बसतो. म्हणजे वाळूला घागरीचा आकार देते ते पाणीच, आणि त्या घागरीत भरावयाचे तेही पाणीच! जे बांधते त्यानेच ती ढासळावयाची. रेणुकेचे सारे पातिव्रत्य या दोन पाण्यांच्या मध्ये, एका ओल्या पडद्याच्या आधाराने उभे केलेले आहे. चमत्कार कोठे ठेवावा हे त्या कथाकाराला नेमके समजले होते.

परंतु पाण्याच्या स्वभावाची खरी बाजू मांडली आहे ती वाल्मीकींनी, आणि तीही खुद्द समुद्राच्या तोंडून. युद्धकांडातील तो प्रसंग सर्वांस परिचित आहे. पण कीर्तनातून आणि चित्रांतून आपल्यापर्यंत पोचताना त्यातील मुख्य गोष्ट बहुधा गळून पडते. राम समुद्रकाठी दर्भासनावर तीन रात्री पडून राहतो व वाट मागतो. समुद्र येत नाही. तेव्हा रामाचा संताप होतो, धनुष्याला बाण लागतो, दिशा अंधारतात, जलचर त्रस्त होतात, लक्ष्मण पुढे होऊन धनुष्य धरतो. मग रत्ने ल्यालेला समुद्र नद्यांसह वर येतो. आता येथे सामान्य कथाकाराने काय केले असते? समुद्र गयावया करतो, पाणी दोन्ही बाजूंस सरते, वानरसेना कोरड्या पायांनी पार होते. देवाच्या अवताराने बाण रोखलेला असता याहून कमी काही होणे शोभतच नाही!

वाल्मीकींचा समुद्र हात जोडतो, नम्रपणे बोलतो; पण जे बोलतो ते नकाराचे आहे. त्याच्या म्हणण्याचा भावार्थ असा की, पृथ्वी, वायू, आकाश, आप आणि तेज ही आपापल्या स्वभावावर सदैव स्थिर असतात. अगाध असणे, तरून न जाता येणे हा माझा स्वभाव आहे. मी उथळ झालो तर तो विकार होईल. लोभाने, इच्छेने किंवा भयाने मी माझे पाणी थिजवणार नाही. वधाची भीती समोर असता एखाद्या महाभूताने असे बोलावे, आणि रामाने ते ऐकून घ्यावे, हे मला सबंध रामायणातील अत्यंत तेजस्वी स्थळांपैकी एक वाटते. समुद्र सेतू धारण करण्याचे वचन देतो. उथळ होण्याचे देत नाही. आणि उपाय कोणता सुचवतो? तर तुमच्या सेनेत नल नावाचा विश्वकर्म्याचा पुत्र आहे, त्याच्याकडून पूल बांधवून घ्या!

तेथून पुढे वाल्मीकी अगदी बांधकाम खात्याच्या भाषेत बोलू लागतात. वानर झाडे उपटून आणतात, शिळा वाहून आणतात, कोणी सुतळी धरतात, कोणी मापे घेतात. पहिल्या दिवशी 14 योजने, दुसऱ्या दिवशी 20, मग 21, 22 आणि पाचव्या दिवशी 23, अशी शंभर योजनांची बेरीज बिनचूक जुळते. दगडावर रामनाम लिहिले की तो तरंगतो, ही गोड गोष्ट पुढच्या काळातली. वाल्मीकींत ती नाही. भक्तीच्या दृष्टीने ती मोठी असेल, पण तिने समुद्राचे ते बाणेदार भाषण निरर्थक करून टाकले, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. दगड तरंगणारच होते तर समुद्राने आपला स्वभाव एवढा समजावून सांगावा कशाला?

आणखी एक तपशील. धनुष्याला लागलेला बाण फुकट जाऊ शकत नव्हता. तेव्हा समुद्राने उत्तरेकडील द्रुमकुल्य नावाच्या प्रदेशाकडे बोट दाखवले. बाण तेथे पडला, तेथील पाणी आटले, आणि त्या जागेचे मरुकांतार म्हणजे वाळवंट झाले. समुद्रावर चाल करून जाणाऱ्याचा राग शेवटी दुसऱ्याच कोणाच्या तरी पाण्यावर पडतो, ही गोष्ट वाल्मीकींनी चार ओळींत सांगून टाकली आहे. त्यानंतर मोठमोठ्या नद्या अडवताना कोणाकोणाची गावे पाण्याखाली गेली हे ज्यांनी पाहिले आहे, मुळशीच्या 1921 सालच्या सत्याग्रहाची हकिगत ज्यांनी वाचली आहे, त्यांना त्यावर भाष्य नको.

पाश्चात्यांत समुद्राचा स्वभाव ओळखून लिहिणारा लेखक म्हणजे ज्यूल व्हेर्न. त्याचा कॅप्टन नेमो हा मूळचा बुंदेलखंडातील एक राजपुत्र असल्याचे पुढच्या एका कादंबरीत उघड होते, म्हणून नव्हे. परंतु नेमो समुद्राला कधीच आज्ञा करीत नाही, म्हणून तो मला जवळचा वाटतो. तो दाबाचा हिशेब करतो. दर दहा मीटर खोलीस सुमारे एका वातावरणाचा दाब वाढत जातो, ही समुद्राची अट तो मान्य करतो आणि तीनुसार आपली पाणबुडी बांधतो. 1870 सालच्या त्या कादंबरीतील सर्वांत भयंकर प्रकरण कोणत्याही राक्षसी माशाचे नाही. दक्षिण ध्रुवाकडून परतताना पाणबुडी बर्फाच्या पोटात कोंडली जाते. खालचे बर्फ खणून वाट काढावी तर तेवढ्यात बाजूंचे पाणी गोठून भिंती जवळ जवळ येऊ लागतात. आतली हवा संपत चाललेली. पाणी गोठताना शेकडा नऊच्या आसपास फुगते, आणि फुगताना लोखंडाचीही पर्वा करीत नाही. थंडीच्या देशात नळ फुटतात ते यामुळेच. नेमो काय करतो? तर पाणी उकळून ते पंपाने बाहेर सोडत राहतो. बाहेरचे पाणी चार-दोन अंशांनी वर चढते आणि भिंती थांबतात. मंत्र नाही, अस्त्र नाही. चहाच्या किटलीची विद्या! पण वाचताना श्वास कोंडतो, कारण येथे शत्रूला राग नाही. त्याला नेमोला मारावयाचे नाही. त्याला फक्त गोठावयाचे आहे.

गोठलेले पाणी फुगते म्हणून ते हलके होते, हलके होते म्हणून वर तरंगते. पाण्याची अत्यंत दाट अवस्था बर्फाच्या बिंदूवर नसून 4 अंश सेल्सिअसच्या सुमारास असते. त्यामुळे थंड देशांतील तळी वरून गोठतात आणि खाली मासे जिवंत राहतात. जो गुण नेमोची पाणबुडी चिरडू पाहतो तोच मत्स्यकुळाला सांभाळतो. दोहोंत पाण्याचा हेतू म्हणाल तर काहीच नाही.

हे हेतू नसणे म्हणजे काय असते, ते मी पुस्तकांवरून शिकलो नाही. ते मला आईने सांगितले. 12 जुलै 1961 रोजी ती पुण्यात शनिवार पेठेतील आमच्या वाड्यात तळमजल्यावर स्वयंपाक करीत होती. लग्न होऊन तिला वर्ष झाले होते. माझा जन्म पुढे दोन वर्षांनी व्हावयाचा होता. त्या दिवशी सकाळी आंबी नदीवरचे पानशेतचे मातीचे धरण, ज्याचे काम पुरते संपलेही नव्हते, ते फुटले. आदल्या रात्री जवानांनी वाळूची पोती रचून ते सावरून धरण्याची शिकस्त केली होती. ते पाणी खाली खडकवासल्याच्या तलावात आले आणि 1879 साली पुऱ्या झालेल्या त्या दगडी धरणालाही त्याने त्याच दिवशी भगदाड पाडले. धरणाच्या भिंतीवरचा दाब मागे तलाव किती लांब पसरला आहे यावर नसतो, तो किती खोल आहे यावर असतो; वीस मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर वीस टन. हे पाणी अडवून धरणे हाच मुळी रोजचा, रात्रंदिवस चालणारा पराक्रम असतो. आपण त्याला स्थिर तलाव म्हणतो.

आईच्या आठवणीत लाट नव्हती, गर्जना नव्हती. पूर येणार अशी बोलवा होती, आणि समोरचा रस्ता तर कोरडा होता. एवढ्यात मोरीत गुळगुळ असा आवाज झाला. तिला वाटले, वरच्या बिऱ्हाडाने पाणी सोडले. वळून पाहते तो मोरीच्या तोंडातून काळे पाणी हळूहळू वर येत होते आणि कोपऱ्यातल्या पितळी तपेल्याभोवती फिरत होते. नदीची पातळी गटारांच्या तोंडांहून वर चढली होती. दाराने यावयास तिला अजून वेळ होता, म्हणून ती खालून आली. माझ्या चुलतीने आईचा हात धरला, आणि घरातली सगळी माणसे पेठेच्या उंच बाजूस नातेवाइकांकडे गेली. लकडी पूल त्या दिवशी पाण्याखाली गेला. गल्लीच्या वळणावर गुडघाभर पाण्यात पाय टाकला तेव्हा आईला प्रथम भीती वाटली. गुडघाभर पाण्याचे ते काय, असे आपण म्हणतो. पण वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, आणि ते लोटू शकेल अशा दगडाचे वजन तर चौसष्ट पट होते. तिच्या पायाखालची फरशी सरकली नाही, पायच सरकले.

पुढे लोक नदी कोपली असे म्हणत. वर्तमानपत्रांतही तसे छापून येई. आईला ते कधी पटले नाही. ती म्हणे, “कोपली असती तर बरे होते. ती आमच्याकडे पाहतसुद्धा नव्हती.” मोठेपणी मी पुराणांतील आणि कादंबऱ्यांतील पाण्यावर तासन् तास बोलत असे, तेव्हा ती कौतुकाने ऐके, परंतु पाण्याला तोंड दिलेली कोणतीही गोष्ट तिला पोरकट वाटत असावी असा मला दाट संशय आहे. एका समुद्राच्या भाषणाला मात्र तिने मान डोलावली होती.

तिसऱ्या दिवशी सगळे परत आले तेव्हा भिंतीवर चिखलाची एक रेघ उठलेली होती. ती देवघरात, स्वयंपाकघरात, ओसरीवर आणि शेजारच्या बिऱ्हाडातही अगदी एकाच उंचीवर होती. कोणत्याही गवंड्याला इतकी सरळ रेघ मारता आली नसती. रंगाचे हात वरचेवर दिले तरी पावसाळ्यात ती ओल धरून पुन्हा दिसे. मी तिच्या खुणेने माझी उंची मोजीत वाढलो. घरातील मोलाच्या वस्तू पुढे सर्व काळ त्या रेघेच्या वरच राहिल्या. पोथ्या आणि वडिलांची शास्त्राची पुस्तके एकाच फळीवर आली ती काही समन्वयाच्या तत्त्वज्ञानामुळे नव्हे. तेवढी एकच फळी रेघेच्या वर होती.

आणि गंमत अशी की, पाण्याने वेढलेल्या त्या शहरात प्यावयास पाणी राहिले नाही. पुण्याला पाणी पुरवणारा तलावच रिकामा झाला होता. ज्या विहिरींवर लोकांनी फळ्या टाकल्या होत्या त्या पुन्हा उघडाव्या लागल्या. आई दोन गल्ल्या पलीकडच्या एका वाड्यातल्या आडावरून घागर आणी, ती चार पदरी धुवट फडक्याने गाळी, उकळी, आणि मग माणशी मोजून देई. पंधरा लिटरांची घागर म्हणजे पंधरा किलो. हे वजन तिने आयुष्यभर कधी विसरू दिले नाही. नळाखाली बादली भरून वाहू लागली की ती घराच्या कोणत्याही कोपऱ्यातून धावत येई.

तरीही श्रावणात ती ओंकारेश्वराच्या बाजूस जाऊन नदीची ओटी भरी. तीत खण, नारळ आणि मूठभर तांदूळ असत. मी कॉलेजात असताना, नव्या विद्येच्या तोऱ्यात, तिला एकदा विचारले की, जी पाहत नाही असे तू म्हणतेस तिच्यापुढे पदर पसरून तू मागतेस तरी काय? ती म्हणाली, “मागायचे कशाला? तिची ओटी भरायची असते.” याहून अधिक खुलासा तिने केला नाही आणि मलाही तो मागण्याचे धैर्य झाले नाही. ओटी भरून ती काठावर थोडा वेळ उभी राही, पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले आहे ते नीट पाहून घेई, आणि घरी येऊन हातपाय धुतल्यावर पहिले काम म्हणजे मोरीच्या तोंडात बसवलेला चिंध्यांचा बोळा घट्ट आहे ना, ते हाताने चाचपून पाही.